क्रॅप्सच्या पटावरील पैजा : दान एकच, भाव अनेक

नांदेडच्या एका तरुणाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. हॉटेल व्यवस्थापनाची पदविका घेतल्यावर प्रवासी जहाजावरील कॅसिनोत डीलर म्हणून रुजू होण्याची संधी त्यांना मिळते आहे. प्रशिक्षणात क्रॅप्स हा दोन फाशांचा खेळ शिकवला जाणार आहे. परंतु पटाचे चित्र पाहूनच ते गोंधळून गेले आहेत. इतक्या पैजा कशासाठी, त्यांत खरा फरक कोणता, आणि जुने खेळाडू पटाच्या मधल्या भागाकडे सहसा का फिरकत नाहीत, हे त्यांना समजून घ्यायचे आहे. मी मूळचा लातूर जिल्ह्यातला असून अकरा वर्षे जहाजांवर याच टेबलामागे उभा राहून चिप्स, म्हणजे पैशांच्या जागी वापरायच्या चकत्या, दिल्या-घेतल्या आहेत. त्या अनुभवाच्या आधारे हे उत्तर सविस्तर लिहितो आहे.

पटावरील नावे पाठ करण्याच्या आधी फासे समजून घ्यावेत. प्रशिक्षणाला जाण्यापूर्वी मी सापशिडीच्या डब्यांतले दोन फासे घेतले होते, एक लाल आणि एक पांढरा, आणि आजही नवख्याला मी हेच करायला सांगतो. रंग वेगळे असले की लाल तीन व पांढरा चार हे एक दान, आणि लाल चार व पांढरा तीन हे दुसरे दान, ही गोष्ट डोळ्यांना दिसते. फासे एकाच रंगाचे असले की माणूस ही दोन दाने एकच धरतो आणि तिथून पुढचा सगळा हिशेब चुकतो. दोन फाशांची अशी एकूण ३६ दाने होतात. त्यांपैकी सात सहा प्रकारे पडतो. सहा आणि आठ प्रत्येकी पाच प्रकारे, पाच आणि नऊ चार प्रकारे, चार आणि दहा तीन प्रकारे, तीन आणि अकरा दोन प्रकारे, तर दोन आणि बारा केवळ एकेका प्रकारे पडतात. क्रॅप्समधील प्रत्येक पैज या एवढ्याच आकड्यांतून निघते. गॅलिलिओने तीन फाशांच्या बाबतीत नेमका हाच प्रश्न सोडवला होता. दहाची बेरीज नवाच्या बेरजेपेक्षा अधिक वेळा का येते, याचे उत्तर त्याने २१६ पैकी २७ आणि २५ अशी दाने मोजून दिले होते.

आता दुसरी बाजू, म्हणजे भाव. आपल्याकडे अड्ड्यावर पत्ते चालतात तेव्हा अड्ड्याचा मालक प्रत्येक डावातून नाल, म्हणजे आपला वाटा, काढतो आणि तो सर्वांच्या डोळ्यांदेखत काढतो. कॅसिनोत नाल वेगळा काढलेला दिसत नाही. तो भावातच बसवलेला असतो. एखादे दान पडण्याची शक्यता पाहता जिंकणाऱ्याला जेवढे मिळायला हवे, त्याहून थोडे कमी दिले जाते, आणि तो फरक म्हणजेच कॅसिनोचे उत्पन्न. म्हणून कोणतीही पैज समोर आली की दोनच प्रश्न विचारावेत : ही पैज किती दानांनी जिंकते आणि किती दानांनी हरते, आणि जिंकल्यावर काय भाव मिळतो. ही दोन उत्तरे ज्याच्याजवळ आहेत, त्याला पटावरच्या रंगीत चौकटींचे भय वाटायचे कारण उरत नाही.

खेळाचा कणा पास लाइन ही पैज आहे. फासे फेकणाऱ्याच्या पहिल्या फेकीला कम-आउट म्हणतात. त्या फेकीत सात किंवा अकरा पडले तर पास लाइन लगेच जिंकते. दोन, तीन किंवा बारा पडले तर लगेच हरते. चार, पाच, सहा, आठ, नऊ किंवा दहा पडले तर तो आकडा ‘पॉइंट’ ठरतो, डीलर पक नावाची गोल चकती पांढऱ्या बाजूने वर करून त्या आकड्यावर ठेवतो, आणि मग पॉइंटचा आकडा पुन्हा आधी येतो की सात आधी येतो, यावर निकाल लागतो. पॉइंट आला तर पैज जिंकते, सात आला तर हरते आणि फासे पुढच्या खेळाडूकडे जातात. एकच सात पहिल्या फेकीत मित्र असतो आणि नंतर शत्रू होतो. नव्या डीलरची सर्वांत मोठी अडचण इथेच असते, कारण टेबलाच्या एका टोकाला आनंद आणि दुसऱ्या टोकाला हळहळ एकाच वेळी चाललेली असते.

याचा पक्का हिशेब १९८० डावांवर मांडला तर अपूर्णांक राहत नाहीत. सरासरीने १९८० पैकी ९७६ डाव पास लाइन जिंकते आणि १००४ हरते. भाव एकास एक आहे, म्हणजे जिंकल्यावर एका डॉलरमागे एक डॉलर मिळतो आणि मूळ चिपही परत येते; म्हणून फरक २८ डावांचा, म्हणजे सुमारे १.४१ टक्के. टेबलावरच्या साध्या पैजांमध्ये हा फारच माफक नाल आहे. एक नियम मात्र नीट लक्षात ठेवावा : पॉइंट ठरल्यावर पास लाइनवरची चिप परत उचलता येत नाही. पहिल्या फेकीत ही पैज खेळाडूच्या बाजूने असते, कारण जिंकणारी दाने आठ आणि हरणारी चार असतात; पॉइंट ठरल्यावर ती कॅसिनोच्या बाजूने झुकते. चांगला भाग घेऊन वाईट भाग सोडता येऊ नये, यासाठी हा नियम आहे.

याच्या उलट बाजूला डोन्ट पास आहे. क्रॅप्स हा हॅझर्ड या जुन्या युरोपीय खेळातून आलेला खेळ असून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील न्यू ऑर्लीन्सच्या परिसरात तो रुजला. फेकणाऱ्याच्या विरुद्धही पैज लावता यावी, ही सोय विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉन विन या फासे बनवणाऱ्या गृहस्थांनी आणली असे मानले जाते, आणि तिच्यामुळे खोट्या फाशांनी फसवणे पुष्कळ अवघड झाले. डोन्ट पास ही पास लाइनची हुबेहूब उलट पैज असती, तर वरच्या हिशेबात तिने १००४ डाव जिंकून ९७६ हरले असते, म्हणजे कॅसिनोच तोट्यात गेला असता. म्हणून पहिल्या फेकीत बारा पडला तर ही पैज जिंकत नाही, नुसती बरोबरीत सुटते. त्या एका दानामुळे १९८० पैकी ५५ डाव बरोबरीत जातात, जिंकलेले डाव ९४९ उरतात आणि हरलेले ९७६ राहतात. २७ डावांचा फरक म्हणजे १.३६ टक्के. काही ठिकाणी बाराऐवजी दोन बरोबरीत धरतात. त्याने हिशेब बदलत नाही. ही पैज पॉइंट ठरल्यानंतर खेळाडूला हवी तर उचलता येते आणि कॅसिनो हरकत घेत नाही, कारण त्या क्षणी ती खेळाडूच्या फायद्याची झालेली असते आणि ती उचलणारा स्वतःचेच नुकसान करून घेत असतो.

कम आणि डोन्ट कम यांच्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. पॉइंट चालू असताना मध्येच नव्याने लावलेली पास लाइन म्हणजे कम, आणि तशीच लावलेली डोन्ट पास म्हणजे डोन्ट कम. अशा पैजेसाठी पुढची फेक हीच पहिली फेक. आकडा पडला की डीलर ती चिप उचलून त्या आकड्याच्या चौकटीत, खेळाडू टेबलाला जिथे उभा आहे त्याला जुळणाऱ्या जागी ठेवतो. टक्के तेच राहतात, काम मात्र डीलरचे वाढते.

यानंतरची पैज सर्वांत महत्त्वाची आहे, आणि तिची चौकट पटावर बहुधा छापलेलीच नसते. तिला ऑड्स म्हणतात. पॉइंट ठरल्यावर पास लाइनच्या चिपेमागे आणखी रक्कम ठेवता येते आणि तिला खरा भाव मिळतो. चार किंवा दहा तीन प्रकारे पडतात व सात सहा प्रकारे, म्हणून एकास दोन. पाच किंवा नऊला चार विरुद्ध सहा, म्हणून दोनास तीन. सहा किंवा आठला पाच विरुद्ध सहा, म्हणून पाचास सहा. यात कॅसिनोचा वाटा शून्य आहे. म्हणूनच तिच्यावर मर्यादा असते. पुष्कळ टेबलांवर चार-दहाला मूळ पैजेच्या तिप्पट, पाच-नऊला चौपट आणि सहा-आठला पाचपट ऑड्स घेऊ देतात. या तीन मर्यादा अशा बेतल्या आहेत की पूर्ण ऑड्सवर जिंकलेली रक्कम नेहमी मूळ पैजेच्या सहापट भरते, आणि डीलरला प्रत्येक वेळी नवे गणित करावे लागत नाही.

ऑड्सविषयी एक गैरसमज मी जाणत्या खेळाडूंमध्येही पाहिला आहे. पास लाइन आणि ऑड्स मिळून एकत्र टक्केवारी काढली तर वर सांगितलेल्या मर्यादांच्या टेबलावर ती सुमारे ०.३७ पर्यंत उतरते, म्हणून ऑड्समुळे नुकसान कमी होते असे ते मानतात. तसे होत नाही. दहा डॉलरच्या पास लाइनवर सरासरी नुकसान चौदा सेंटचे आहे; ऑड्स लावले तरी ते चौदा सेंटच राहते. जास्त पैशांनी भागल्यामुळे टक्केवारी तेवढी लहान दिसते. ऑड्स ही न्याय्य भावाची पैज आहे, कमाईचे साधन नाही. आणि जास्त रक्कम पटावर असल्याने चढउतार मात्र चांगलेच वाढतात.

एकाच दानाचे भाव किती वेगवेगळे असतात, हे सहा या आकड्यावर उत्तम समजते. पॉइंटची वाट न पाहता खेळाडू सहावर थेट पैज लावू शकतो. तिला प्लेस म्हणतात आणि भाव सहास सात मिळतो. बारा डॉलर लावले तर चौदा मिळतात. निकाल लागणाऱ्या अकरा दानांपैकी पाच सहाची आणि सहा साताची. पाच वेळा चौदा म्हणजे सत्तर आले, सहा वेळा बारा म्हणजे बहात्तर गेले. १३२ डॉलर लावून दोन गेले, म्हणजे १.५२ टक्के. आता काही जुन्या पटांच्या कोपऱ्यात बिग सिक्स नावाची ठळक चौकट असते. तीही सहा आधी आला तर जिंकते आणि सात आधी आला तर हरते, परंतु भाव एकास एक. पाच वेळा बारा म्हणजे साठ आले, बहात्तर गेले. १३२ मागे बारा, म्हणजे ९.०९ टक्के. फासे तेच, जिंकणे-हरणे तेच, आणि नाल सहापट.

माझ्या दुसऱ्या करारातली एक रात्र मला अजून आठवते. एक वयस्कर प्रवासी पती-पत्नी माझ्या टोकाला उभी होती आणि आजोबा प्रत्येक वेळी बिग सिक्सवर बारा डॉलर ठेवत होते. सहा पडला, मी बारा डॉलर त्यांच्या चिपेशेजारी ठेवले. तेवढ्यात त्यांच्या बाजूच्या माणसाला मी त्याच सहावर बारा डॉलरचे चौदा दिले. आजींनी दोन्ही ढीग पाहिले आणि मला शांतपणे विचारले, “त्यांना दोन जास्त का?” डीलरने कोणती पैज लावावी हे सांगायचे नसते, पण भाव विचारला तर तो खरा सांगणे हे त्याचे कर्तव्य असते. मी दोन्ही भाव सांगितले. आजोबांनी काही न बोलता चिप उचलली आणि मला सहाच्या प्लेसवर ठेवायला सांगितली. हे उत्तर लिहिताना माझ्यासमोर तो प्रश्न सारखा येतो, कारण आजींनी जे विचारले तेच विचारायला शिकणे म्हणजे पैजा समजणे.

प्लेसचे बाकीचे भाव सहा-आठइतके सौम्य नाहीत. पाच-नऊला पाचास सात देतात, तिथे नाल ४ टक्के आहे. चार-दहाला पाचास नऊ देतात, तिथे तो ६.६७ टक्के होतो. म्हणून चार-दहासाठी बाय नावाची दुसरी वाट आहे. तिच्यात खरा भाव, एकास दोन, मिळतो आणि त्यावर पाच टक्के कमिशन वेगळे कापले जाते. मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, पूर्वी शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीतून आडत, हमाली, तोलाई वेगवेगळी लिहून कापली जाई. दुसरीकडे गावात येऊन माल उचलणारा व्यापारी काहीच कापत नसे, पण भावच कमी धरत असे. कोणता सौदा बरा हे पट्टी मांडल्याशिवाय कळत नसे. बाय आणि प्लेस यांचे नाते तसेच आहे. वीस डॉलरच्या बायवर एक डॉलर कमिशन दर वेळी घेतले तर नाल ४.७६ टक्के पडतो. जिंकल्यावरच घेतले तर १.६७ टक्के. दोन्ही रीती प्रचलित असल्याने आपल्या जहाजावर कोणती आहे ते पहिल्या दिवशीच विचारून घ्यावे.

फील्ड ही एका फेकीची पैज नवख्यांना फार आवडते, कारण तिच्यात दोन, तीन, चार, नऊ, दहा, अकरा आणि बारा असे सात आकडे जिंकणारे दिसतात आणि हरणारे फक्त चार. येथे आकडे मोजायचे नसून दाने मोजायची असतात. जिंकणारी दाने सोळा आहेत. पाच, सहा, सात व आठ या चार आकड्यांची दाने वीस आहेत. दोन आणि बारा या दोन्हींना दुप्पट देत असतील तर नाल ५.५६ टक्के, आणि त्यांपैकी एकाला तिप्पट देत असतील तर २.७८ टक्के.

आता पटाचा मधला भाग. तेथील चिप्स स्टिकमन, म्हणजे लांब काठीने फासे खेळाडूकडे सरकवणारा सहकारी, सांभाळतो आणि त्या पैजांची नावे मोठ्याने पुकारत राहतो. अकराला तो ‘यो’ म्हणतो, कारण इंग्रजीत सात आणि अकरा हे शब्द गोंगाटात सारखे ऐकू येतात. येथील हार्डवे पैज समजायला रंजक आहे. हार्ड एट म्हणजे आठ हा चार-चारच्या जोडीनेच पडला पाहिजे; पाच-तीन किंवा सहा-दोनने पडला, अथवा सात पडला, तर पैज गेली. जिंकणारे दान एक, हरणारी चार अधिक सहा म्हणजे दहा. खरा भाव एकास दहा व्हायला हवा, मिळतो एकास नऊ, नाल ९.०९ टक्के. हार्ड फोर आणि हार्ड टेनला एकास आठऐवजी एकास सात देतात, तिथे ११.११ टक्के. एका फेकीत दोनच येईल, किंवा बाराच येईल, अशा एकेका पैजेवर एकास तीस मिळाले तर १३.८९ टक्के. सर्वांत महाग पैज एनी सेव्हन, म्हणजे पुढच्याच फेकीत सात : सहा दाने जिंकणारी, तीस हरणारी, खरा भाव एकास पाच, मिळतो एकास चार, नाल १६.६७ टक्के. काही पटांवर हाच भाव मूळ चिप धरून ‘एकाचे पाच’ असा छापलेला असतो. तो वाचताना खेळाडू फसतात आणि प्रशिक्षणार्थी डीलरही. मी स्वतः प्रशिक्षणात एकदा मूळ चिप परत देऊन वर पाच दिले होते आणि निरीक्षकाने तिथेच हात थांबवला होता.

टक्क्यांइतकाच वेगही पाहावा, आणि हा मुद्दा पुस्तकी कोष्टकांतून सहसा निसटतो. पास लाइनचा निकाल लागायला सरासरी ३.३८ फेकी लागतात, तर एनी सेव्हनचा निकाल प्रत्येक फेकीला लागतो. शंभर फेकी धरल्या आणि दोन्ही पैजांवर दर वेळी दहा डॉलर लावले, तर पास लाइनचे सुमारे तीस निकाल लागून सरासरी नुकसान चार डॉलरांच्या आसपास होते. एनी सेव्हनवर तेच १६७ डॉलर होते. जुने खेळाडू मधल्या भागाकडे का फिरकत नाहीत, या प्रश्नाचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

फाशांना मागचे काही आठवत नाही, हेही मनात पक्के असावे. पुष्कळ वेळ सात आला नाही, म्हणजे आता येणारच, असे टेबलाभोवती सतत बोलले जाते. २००९ साली अटलांटिक सिटीतील बोर्गाटा कॅसिनोत एका महिलेने चार तासांहून अधिक काळ फासे हातातून न जाऊ देता सलग १५४ फेकी केल्या होत्या; एरवी एका खेळाडूच्या हातात फासे सरासरी साडेआठ फेकी टिकतात. त्या १५४ व्या फेकीला सात येण्याची शक्यता ३६ पैकी सहाच होती, पहिल्या फेकीला होती तेवढीच. हरले की पैज दुप्पट करण्याची युक्तीही याच ठिकाणी मोडते. पाच डॉलरपासून सुरुवात करून सलग आठ वेळा हरल्यास १२७५ डॉलर गेलेले असतात, नवव्या वेळी १२८० लावावे लागतात, आणि ते कशासाठी, तर पाच डॉलर मिळवण्यासाठी. बहुतेक टेबलांची कमाल मर्यादा त्याच्या आधीच आडवी येते.

हे सारे वाचून कोणी गावी बसून खेळून पाहू नये, म्हणून कायद्याची स्थितीही सांगतो. महाराष्ट्रात जुगाराला प्रतिबंध करणारा १८८७ चा कायदा लागू आहे. कॅसिनोंना परवाने देण्यासाठी १९७६ मध्ये केलेला वेगळा कायदा प्रत्यक्षात कधी अंमलात आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द करण्यात आला. मोबाइलवर फासे टाकायला लावणारी अ‍ॅप्स तर दूरच ठेवावीत; तिथे दाने खरोखर कशी पडतात आणि पैसे परत मिळतात की नाही, हे तपासायला समोर ना टेबल असते ना निरीक्षक. कमी टक्क्यांची पैजही नुकसानीचीच पैज आहे. मला घरी पाठवता आला तो माझा पगार होता. टेबलावर जिंकून घर चालवणारा खेळाडू मला अकरा वर्षांत भेटला नाही.

आता सरावाचे. चिप्स नसल्या तर हरभऱ्याचे दाणे आणि तुरीचे दाणे घ्यावेत. हरभरा पाच डॉलरचा आणि तूर एकाची. सतरंजीवर खडूने सहा आकड्यांच्या चौकटी आखाव्यात. सहा आणि आठच्या प्लेसचा सराव प्रथम करावा, कारण तीच सर्वांत जास्त वेळा द्यावी लागते : सहाला सात, बाराला चौदा, अठराला एकवीस, चोवीसला अठ्ठावीस, तीसला पस्तीस. प्रत्येक रकमेत सहाचे किती गट आहेत ते पाहून तितके डॉलर वर मिळवायचे, म्हणजे चोवीसमध्ये चार गट, म्हणून अठ्ठावीस. मग ऑड्स : सहावर वीसला चोवीस, पाचवर वीसला तीस, चारवर वीसला चाळीस. आकडा ऐकल्यापासून दाणे मोजून ठेवेपर्यंत तीन सेकंदांहून जास्त लागू नयेत, आणि तोंडाने रक्कम पुकारण्याची सवय हाताबरोबरच लावावी. घरातल्या कोणाला तरी लाल आणि पांढरा फासा टाकायला बसवावे. माझ्या वेळी धाकटी बहीण बसत असे, आणि मी एक दाणा कमी ठेवला तरी ती पुढचे दान टाकत नसे.